गळालेलं ‘म्हणे’

मराठीत ‘म्हणे’ हा मोठा कामाचा शब्द आहे. ‘तो गाव सोडून गेला’ आणि ‘तो गाव सोडून गेला म्हणे’ यांत बातमी एकच. पण दुसऱ्या वाक्यात बोलणारा जरा बाजूला उभा राहिलेला असतो. आपण पाहिलेलं नाही, कुणाकडून तरी कानावर आलं, खरं-खोटं सांगणाऱ्याच्या माथी. ‘असावं’, ‘बहुधा’, ‘दिसतं खरं तसं’ ही सगळी त्याच गोतावळ्यातली मंडळी. गुप्तवार्ता खात्यांचे अहवाल याच शब्दांच्या आधारानं उभे असतात. ‘आमच्या अंदाजानुसार’, ‘मध्यम खात्रीनं’, ‘एकाच सूत्राकडून, दुजोरा नाही’ असं एखादा अधिकारी लिहितो तेव्हा तो कच खात नसतो. आपल्याला कितपत कळलंय याचं माप तो देत असतो.

युद्धाच्या तोंडावर नेते जनतेची दिशाभूल करतात ती बऱ्याचदा या मापात हात घालून. धडधडीत खोटं बोलणारेही असतात, त्यांच्याकडे पुढे येऊ. पण ते पकडले जायची भीती असते, आणि सरकारात इतकी माणसं असतात की कुणीतरी फुटतंच. ‘म्हणे’ गाळण्यात तसा धोका नाही. कागद खाली टेबलावर असतो तेव्हा त्यात चार शंका असतात, वरच्या मजल्यावर जाईपर्यंत दोन उरतात, आणि व्यासपीठावर पोचतो तेव्हा एकही नसते. प्रत्येकानं थोडंथोडंच गाळलेलं असतं, त्यामुळे नंतर कुणा एकाला धरताही येत नाही.

अमेरिकेनं २००३ मध्ये इराकवर केलेल्या युद्धाआधीच्या नळ्या घ्या. २००१ साली इराककडे निघालेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा एक साठा जॉर्डनमध्ये अडवला गेला. मिश्रधातू ७०७५-टी६, बाहेरचा व्यास ८१ मिलिमीटर, लांबी ९०० मिलिमीटर, भिंतीची जाडी ३.३ मिलिमीटर. म्हणजे दोन हात लांबीची, मुठीत न मावणारी नळी. सीआयएच्या विश्लेषकांचं म्हणणं पडलं की ही अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्राच्या रोटरसाठी, म्हणजे फिरत्या भागासाठी, असणार. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यात सेंट्रिफ्यूज कळणारे अभियंते होते, त्यांना ते पटेना. रोटर प्रचंड वेगानं फिरतो, त्याची भिंत पातळ लागते. ही फारच जाड होती. व्यास अपुरा होता. शिवाय नळ्यांवर गंज लागू नये म्हणून ॲनोडाइझ केलेला थर होता, आणि सेंट्रिफ्यूजसाठी वापरायच्या तर तो आधी खरवडून काढावा लागला असता. उलट इराकी सैन्य इटलीच्या ‘मेड्युसा’ रॉकेटवरून बेतलेलं ८१ मिलिमीटरचं रॉकेट आधीपासून बनवत होतं. त्याच्या नळीची मापं हीच, धातूही हाच. उघड्यावर पडून राहणाऱ्या रॉकेटला गंजरोधक थर लागतोच.

हा वाद चालू असतानाच ८ सप्टेंबर २००२ चा रविवार उजाडला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाल्यानं नळ्यांची बातमी आली. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर आले आणि त्यांनी त्या बातमीचाच दाखला दिला. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस दुसऱ्या वाहिनीवर म्हणाल्या की या नळ्या खऱ्या अर्थानं अण्वस्त्र कार्यक्रमालाच योग्य आहेत, आणि पुरावा हवा म्हणून अणुस्फोटाच्या ढगाची वाट पाहायची नाही. सरकारातून माहिती बाहेर गेली, वर्तमानपत्रात छापून आली आणि सरकारनंच ती ‘बघा, छापूनही आलंय’ म्हणून पुढे केली. आपणच पेरायचं आणि आपोआप उगवलं म्हणून दाखवायचं. आदल्याच दिवशी, युद्धासाठीची प्रचारमोहीम सप्टेंबरपर्यंत का थांबली या प्रश्नाला व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ अँड्र्यू कार्ड यांनी दिलेलं उत्तर प्रसिद्ध झालं होतं: विक्रीच्या दृष्टीनं पाहिलं तर नवा माल ऑगस्टमध्ये बाजारात आणत नाहीत. इतकं मोकळेपणानं बोलणारा माणूस सरकारात विरळा, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

मग १ ऑक्टोबरला गुप्तवार्ता खात्यांचा एकत्रित गोपनीय अहवाल तयार झाला. सिनेटर मागे लागले म्हणून जेमतेम तीन आठवड्यांत उरकलेला. नळ्यांबद्दल ऊर्जा खात्याचं आणि परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाचं वेगळं मत त्यात नावानिशी होतं. तीनच दिवसांनी जनतेसाठी छोटी आवृत्ती निघाली. तिच्यात ‘आमच्या अंदाजानुसार’ हे शब्द जागोजागी उडाले होते, म्हणजे अंदाजाची विधानं झाली होती. नळ्यांबाबतचं वेगळं मत पूर्ण काढलेलं नव्हतं; ‘काहींच्या मते’ अशा शब्दांत ते होतं. पण हे ‘काही’ म्हणजे सरकारात सेंट्रिफ्यूज ज्यांना कळतं ती माणसं, हे वाचणाऱ्याला कुठून कळणार? शंका ठेवायची, पण शंका घेणाऱ्याचं नाव काढून टाकायचं. गाळणीचा हा प्रकार मला सगळ्यांत सफाईदार वाटतो, कारण त्यावर बोट ठेवायला गेलं तर उत्तर तयार असतं: छापलं होतं की आम्ही!

आठवडाभरात, १० आणि ११ ऑक्टोबरला, काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, इराकवर बळ वापरायची मुभा अध्यक्षांना देणारं मतदान केलं. प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. मधल्या निवडणुका महिन्याभरावर होत्या. गोपनीय अहवाल पूर्ण वाचलेले सिनेटर बोटांवर मोजण्याइतके निघाले.

आता क्रियापदाकडे या. २८ जानेवारी २००३ च्या भाषणात अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एक वाक्य उच्चारलं. इंग्रजीत ते १६ शब्दांचं आहे आणि त्याच नावानं पुढे गाजलं. सद्दामनं अलीकडेच आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर युरेनियम मिळवायचा प्रयत्न केल्याचं ब्रिटिश सरकारला कळलं आहे, असं ते वाक्य. वरवर पाहता इथे ‘म्हणे’ आहे. ब्रिटिशांचा हवाला दिलाय. पण क्रियापद पाहा. ‘वाटतं’ नाही, ‘म्हणतात’ नाही, ‘कळलं आहे’. कळतं ते खरं असलेलंच. ‘मला कळलं की तू आजारी आहेस’ असं म्हणणाऱ्याच्या मनात आजाराबद्दल शंका नसते. हवाला दुसऱ्याचा आणि खात्री आपली, असं ते दुधारी वाक्य होतं.

याच दाव्याचा उल्लेख ऑक्टोबरमधल्या सिनसिनाटीच्या भाषणातून सीआयएनं काढायला लावला होता. साडेतीन महिन्यांनी तो ब्रिटिशांचा बिल्ला लावून परत आला. आफ्रिकेतल्या नायजर देशाशी झालेल्या युरेनियमच्या व्यवहाराचे म्हणून जे कागद फिरत होते ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हाती आले, आणि साध्या इंटरनेटवर शोधाशोध करून काही तासांत ते बनावट ठरले. २००० सालच्या एका पत्रावर सही होती ती १९८९ मध्येच मंत्रिपदावरून गेलेल्या माणसाची. ७ मार्च २००३ ला संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल-बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत कागद खरे नसल्याचं सांगितलं. युद्ध २० मार्चला सुरू झालं. आपली माहिती या कागदांवर आधारलेली नव्हती, असं ब्रिटननं पुढेही लावून धरलं. मात्र ते १६ शब्द भाषणात जायला नको होते, अशी कबुली सीआयएचे संचालक जॉर्ज टेनेट यांनी त्याच जुलैत दिली.

ब्रिटिशांची स्वतःची कारागिरी आणखी साधी होती. त्यांनी एक नाम गाळलं. २४ सप्टेंबर २००२ च्या सरकारी पुस्तिकेत, पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या प्रस्तावनेसकट चार ठिकाणी, इराक आपली रासायनिक-जैविक अस्त्रं ४५ मिनिटांत सज्ज करू शकतो असं छापलं होतं. अस्त्रं म्हणजे काय? लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र की तोफेचा गोळा? मूळ माहिती रणांगणावरच्या छोट्या पल्ल्याच्या दारूगोळ्याबद्दलची होती, तीही ऐकीव. पुस्तिकेत ते कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका तडाखेबंद खपाच्या वर्तमानपत्रानं ब्रिटिशांचा विनाश ४५ मिनिटांवर आल्याचा मथळा दिला. सरकारनं खुलासा केला नाही. संसदेनं ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मान्यता दिली त्या दिवशी ही अस्त्रं कोणत्या जातीची ते आपल्याला ठाऊक नव्हतं, असं ब्लेअर यांनी २००४ मध्ये संसदेत सांगितलं. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तर प्रश्न आणखी वाईट होतो: पंतप्रधानांनी ‘कसली अस्त्रं?’ एवढंही विचारलं नव्हतं?

कात्रीचं काम जुनं आहे. १३ जुलै १८७० ला एम्स इथून प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याला आलेली तार लांबलचक आणि सौम्य होती. प्रशियाचा राजा आणि फ्रेंच राजदूत यांच्यात झालेलं बोलणं तिच्यात होतं. बिस्मार्कनं पदरचं फारसं काही घातलं नाही. मधला मजकूर काढून टाकला, आणि उरलेल्या ओळी वाचल्या की राजानं राजदूताला दारातूनच वाटेला लावलं असं वाटायला लागलं. जेवणाच्या टेबलावर सेनापती मोल्टके आणि युद्धमंत्री रून या दोघांना ती वाचून दाखवल्याचं त्यानं स्वतःच पुढे लिहून ठेवलंय, तेही अभिमानानं. तार छापून आली. फ्रेंच भाषांतरात ‘ॲडज्युटंट’ हा शब्द तसाच राहिला. जर्मनीत तो राजाच्या दिमतीचा मानाचा अधिकारी, फ्रान्समध्ये साधा हवालदाराच्या दर्जाचा माणूस. म्हणजे आमच्या राजदूताला निरोप द्यायला हवालदार पाठवला! १९ जुलैला फ्रान्सनं युद्ध जाहीर केलं.

एखादं क्रियापद बदललं तरी काम भागतं. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ ला सुरक्षा परिषदेत दोन इराकी अधिकाऱ्यांचं चोरून ऐकलेलं संभाषण ऐकवलं. त्यांच्याच खात्यानं केलेल्या भाषांतरात भंगाराच्या आणि सोडून दिलेल्या जागा ‘तपासा’ असा आदेश आहे. पॉवेल बोलताना म्हणाले, त्या जागा ‘साफ करा’, तिथे काही उरलेलं नाही याची खात्री करा. तपासणी पथक येणार म्हणून जागा तपासून घेणं आणि पथक येणार म्हणून जागा साफ करणं यांत जो फरक आहे, त्यावर सगळा आरोप उभा होता. त्याच सुमाराला लंडनहून निघालेल्या दुसऱ्या पुस्तिकेत एका संशोधकाच्या लेखातला मजकूर चुकांसकट उचललेला होता. उचलताना ‘परकीय वकिलातींवर देखरेख’ याचं ‘हेरगिरी’ झालं, आणि ‘विरोधी गटांना मदत’ याचं ‘दहशतवादी संघटनांना पाठबळ’.

पॉवेल यांच्या बाबतीत एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती गाळली तर मीही तेच करतोय असं होईल. त्यांनी भाषणाच्या आधी दिवसच्या दिवस सीआयएच्या मुख्यालयात बसून मसुदा चाळला होता. त्यांच्या खात्यानं ३८ दावे कच्चे ठरवले होते, त्यांतले २८ काढले गेले. म्हणजे गाळणी दोन्ही बाजूंनी चालली होती, आणि तरीही ‘कर्व्हबॉल’ या टोपणनावाच्या इराकी माणसानं जर्मनांना सांगितलेली फिरत्या जैविक प्रयोगशाळांची गोष्ट आत राहिली. तीही चित्रांसकट. प्रत्यक्ष छायाचित्र एकही नव्हतं, म्हणून ट्रकची रेखाचित्रं काढून दाखवली गेली. ट्रक ज्या वाटेनं इमारतीत शिरतात असं त्यानं सांगितलं होतं, तिथे भिंत होती. २०११ मध्ये त्यानं आपण हे रचलं होतं असं कबूल केलं.

काही वेळा गाळण्यासारखंही काही नसतं, नुसतं शेजारी ठेवायचं असतं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात सद्दामचा हात आहे असं बुश यांनी सरळ म्हटल्याचं सापडत नाही. एका वाक्यात ११ सप्टेंबर, पुढच्या वाक्यात इराक, असं वर्षभर चाललं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या ऑगस्ट २००३ च्या पाहणीत ६९ टक्के अमेरिकनांना सद्दामचा त्या हल्ल्याशी वैयक्तिक संबंध असणं शक्य वाटत होतं. १७ सप्टेंबर २००३ ला बुश म्हणाले की असा कोणताही पुरावा आपल्याकडे नाही. युद्ध सुरू होऊन सहा महिने होत आले होते.

घाई हे दुसरं हत्यार. ४ ऑगस्ट १९६४ ची रात्र, टोन्किनचं आखात. दोन दिवसांपूर्वी उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो बोटींनी ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी विनाशिकेवर खरोखरच हल्ला केला होता. त्या रात्री ‘मॅडॉक्स’ आणि ‘टर्नर जॉय’ यांना पुन्हा हल्ला होतोय असं वाटलं. अंधार, खराब हवा, रडारवर येणाऱ्या-जाणाऱ्या खुणा. सोनारवर वीसहून अधिक टॉर्पेडो ऐकू आले. इतके टॉर्पेडो त्या बोटींवर मावणंच अवघड. जहाज वेगात वळलं की त्याच्याच पंख्यांचा आवाज सुकाणूवर आपटून परत येतो आणि ऐकणाऱ्याला टॉर्पेडो वाटतो, हा उलगडा नंतरचा. पण तुकडीचे प्रमुख कॅप्टन हेरिक यांनी त्याच दिवशी तार केली होती: पुष्कळशा नोंदी संशयास्पद वाटतात, हवामानाचा परिणाम आणि अतिउत्साही सोनारवाले हे कारण असावं, ‘मॅडॉक्स’वरून प्रत्यक्ष कुणी काही पाहिलेलं नाही, पुढचं पाऊल उचलण्याआधी पूर्ण छाननी करावी.

‘म्हणे’ याहून स्पष्ट लिहिता येत नाही. तरी त्याच रात्री साडेअकरानंतर अध्यक्ष लिंडन जॉन्सन टीव्हीवर आले, आणि विमानं निघाली. तीन दिवसांनी काँग्रेसनं अध्यक्षांना तिथे लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव मंजूर केला. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. ठरावाचा मसुदा उन्हाळ्याच्या सुरुवातीपासूनच तयार होता. प्रसंग तेवढा यायचा होता. विरोधातल्या दोघांपैकी वेन मोर्स यांना पेंटॅगॉनमधून कुणीतरी कुजबुजलं होतं की जहाजाच्या नोंदवह्या मागा आणि जहाज तिथे कशाला गेलं होतं ते विचारा. त्यांनी विचारलंही. त्याआधी त्याच किनाऱ्यावर अमेरिकेच्या आखणीनुसार दक्षिण व्हिएतनामी बोटी छुपे छापे घालत होत्या. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी सांगितलं की असे काही छापे झाले असतील तर आमच्या नौदलाचा त्यांच्याशी संबंध नव्हता आणि त्याला ते माहीतही नव्हते. हे गाळणं नव्हे. हे खोटं.

अमेरिकेच्या एनएसए या परक्यांचे संदेश चोरून ऐकणाऱ्या संस्थेतल्या इतिहासकारानंच पुढे सगळे संदेश तपासले. ४ ऑगस्टला हल्ला झालाच नव्हता, आणि हल्ला झाल्याचं भासेल असेच संदेश वर पाठवले गेले होते, असा त्याचा निष्कर्ष. तो खुला व्हायला २००५ साल उजाडलं. दरम्यान ऑक्टोबर १९६४ मध्ये, निवडणूक दोन आठवड्यांवर असताना, जॉन्सन सांगत होते की आशियाई पोरांनी करायचं काम करायला अमेरिकन पोरांना नऊ-दहा हजार मैल दूर धाडणार नाही. पुढच्या वर्षअखेरीस १ लाख ८० हजारांवर अमेरिकी सैनिक तिथे होते.

आता धडधडीत खोट्याकडे. त्याचा उत्तम नमुना १९५६ चं सुएझ. पॅरिसजवळ सेव्र इथे २२ ते २४ ऑक्टोबरला ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलच्या लोकांची गुप्त बैठक झाली. इस्रायलनं इजिप्तवर चालून जायचं, मग ब्रिटन-फ्रान्सनं ‘भांडण सोडवायला’ मध्ये पडायचं, असा लेखी करार झाला. ठरल्याप्रमाणे २९ तारखेला हल्ला झाला, ३० तारखेला निर्वाणीचा खलिता निघाला: दोन्ही बाजूंनी कालव्यापासून १० मैल मागे हटावं. गंमत अशी की इस्रायली सैन्य अजून कालव्याच्या १० मैलांच्या आत आलेलंच नव्हतं. म्हणजे ‘मागे हटा’ या आदेशात इस्रायलला पुढे सरकायची मुभा होती आणि इजिप्तला आपल्याच भूमीवर माघार घ्यायची होती. नकाशा उघडून मोजपट्टी लावणाऱ्या कुणालाही त्याच दिवशी शंका यायला हवी होती. पंतप्रधान अँथनी ईडन यांनी कराराच्या प्रती नष्ट करायला माणसं धाडली. पण इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरियन आपली प्रत घेऊन घरी निघूनही गेले होते. २० डिसेंबरला ईडन यांनी संसदेत सांगितलं की इस्रायल हल्ला करणार याची पूर्वकल्पना नव्हती. तीन आठवड्यांत ते पायउतार झाले, प्रकृतीच्या कारणानं.

हिटलर या बाबतीत वेगळ्याच पंगतीतला. पोलंडवर हल्ल्याच्या दहा दिवस आधी त्यानं सेनापतींना सांगितलं होतं की युद्ध सुरू करायला प्रचाराचं कारण मी देतो, ते पटण्याजोगं असो वा नसो, विजेत्याला कुणी विचारत नाही. १ सप्टेंबर १९३९ च्या भाषणात ‘पहाटे ५:४५ पासून आम्ही प्रत्युत्तराचा गोळीबार करतोय’ म्हणाला. गोळीबार सुरू झाला होता ४:४५ च्या सुमाराला. साधी वेळही खरी सांगितली नाही.

खर्चाबद्दलची दिशाभूल कुणी फारशी मनावर घेत नाही, आणि माझ्या मते तिथेच सगळ्यांत लवकर पकडता येते, कारण आकडे गुप्त नसतात. सप्टेंबर २००२ मध्ये बुश यांचेच आर्थिक सल्लागार लॅरी लिंडसे यांनी इराक युद्धाचा खर्च १०० ते २०० अब्ज डॉलर सांगितला. डिसेंबरात ते पदावर नव्हते. सरकारी आकडा ५०-६० अब्जांवर आला. लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी यांनी २५ फेब्रुवारी २००३ ला सिनेटपुढे, ताबा ठेवायला काही लाख सैनिक लागतील असं म्हटलं. दोनच दिवसांनी उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी तो अंदाज पार चुकल्याचं जाहीर केलं. स्वतः अंदाज किती, हे मात्र सांगायचं टाळलं. आधीच काही सांगता येत नाही म्हणे. ज्याला आकडा माहीत नाही त्याला दुसऱ्याचा आकडा चुकलाय हे कसं कळतं? काँग्रेसच्या संशोधन विभागानं २०१४ अखेर केलेली बेरीज ८१५ अब्ज डॉलरची आहे.

साक्षीदाराबद्दल थोडं. १० ऑक्टोबर १९९० ला १५ वर्षांची एक कुवेती मुलगी अमेरिकी खासदारांपुढे रडत म्हणाली की इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या अर्भकांना इन्क्युबेटरमधून काढून थंड फरशीवर मरायला टाकलं. थोरल्या बुश यांनी ती गोष्ट पुनःपुन्हा सांगितली. जानेवारीत सिनेटनं ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धाला मंजुरी दिली. मुलगी कुवेतच्या राजदूताची कन्या होती आणि तिची साक्ष कुवेतनं पैसे मोजलेल्या जनसंपर्क कंपनीनं घडवून आणली होती, हे १९९२ मध्ये बाहेर आलं. कुवेतवरचा कब्जा क्रूर होता यात वाद नाही; ही गोष्ट मात्र चौकशीत टिकली नाही. त्या दिवशीच दिसू शकणारी खूण एकच होती. ती बैठक काँग्रेसच्या अधिकृत समितीची नव्हती, खासदारांच्या एका गटाची होती. अधिकृत समितीपुढे शपथेवर खोटं बोलणं गुन्हा आहे. इथे शपथच नव्हती. कॅमेरे, टेबलं, पाण्याचे पेले मात्र समितीसारखेच.

सगळेच नेते मनातून खोटं जाणून बोलत असतात असं नाही. सद्दामकडे काहीतरी अस्त्रं असणार असं युद्धाला विरोध करणाऱ्या देशांच्या गुप्तवार्ता खात्यांनाही वाटत होतं. आपल्याकडे ती उरलेली नाहीत हे सद्दामला इराणच्या धाकापायी झाकलेलं ठेवायचं होतं, असं त्यानं पकडला गेल्यावर सांगितलं. माणूस आधी ठरवतो आणि मग कारणं शोधतो, तेव्हा मिळालेलं प्रत्येक कारण त्याला खरंच वाटतं. पण म्हणून जबाबदारी कमी होत नाही. २८ जुलै २००२ ला ब्लेअर यांनी बुश यांना लिहिलं होतं की काहीही झालं तरी मी तुमच्याबरोबर असेन. त्याच्या पाच दिवस आधी, वॉशिंग्टनमध्ये धोरणाच्या मापानं माहिती बेतली जातेय, अशी नोंद त्यांच्याच बैठकीच्या टिपणात झाली होती. सप्टेंबरची पुस्तिका त्यानंतरची.

‘तेव्हा कुणालाच कसं कळणार होतं?’ हे पश्चातबुद्धीचं वाक्य निम्मंच खरं. गोपनीय कागद दिसत नव्हते, कबूल. पण २७ जानेवारी २००३ ला, बुश यांच्या भाषणाच्या आदल्या दिवशी, अल-बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत उघडपणे सांगितलं होतं की नळ्या इराक सांगतो त्या रॉकेटच्या कामाशी जुळतात आणि फेरफार केल्याशिवाय सेंट्रिफ्यूजला चालणार नाहीत. भाषणात नळ्या आल्याच. संयुक्त राष्ट्रांच्या अस्त्र-तपासणी पथकाचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी ७ मार्चला मागितलेली मुदत वर्षांची नव्हती, आठवड्यांचीही नव्हती, महिन्यांची होती. साडेतीन महिन्यांत सातशेच्या वर तपासण्या झाल्या होत्या आणि अस्त्रं मिळत नव्हती. ज्याच्याकडे खरोखर पत्ता असतो तो तपासनिसाला पत्ता देतो. घाई त्यालाच असते ज्याला तपास पूर्ण झालेला नको असतो. नोव्हेंबर १९३९ मध्ये मैनिला गावावर फिनिश तोफांनी मारा केल्याचा आरोप सोव्हिएत रशियानं केला, तेव्हा आपण दोघं मिळून चौकशी करू असं फिनलंडनं सुचवलं. चौकशी झाली नाही. चार दिवसांनी आक्रमण झालं.

असला पत्ता सगळ्यांत चिकाटीनं मागितला तो एका नवख्या खासदारानं. मे १८४६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स पोक यांनी काँग्रेसला कळवलं की मेक्सिकोनं अमेरिकन भूमीवर अमेरिकन रक्त सांडलंय. युद्धाचा संदेश पाठवायचं मंत्रिमंडळात आधीच ठरलं होतं. चकमकीची बातमी त्याच संध्याकाळी पोचली आणि कारण आयतं हाती आलं. चकमक झाली ती जागा रिओ ग्रांदे आणि न्युएसेस या दोन नद्यांमधल्या वादग्रस्त पट्ट्यात होती, आणि मेक्सिको ती आपली मानत होता. २२ डिसेंबर १८४७ ला एब्राहम लिंकन यांनी प्रतिनिधिगृहात आठ प्रश्नांचा ठराव मांडला. रक्त नेमकं कोणत्या जागेवर सांडलं? ती जागा कधी कुणाच्या ताब्यात होती? तिथली वस्ती आपलं सरकार मानत होती का, कर भरत होती का, की आपलं सैन्य येताना पाहून घरंदारं आणि उभी पिकं टाकून पळाली? हे जे नागरिक मारले गेले, ते त्या वेळी अध्यक्षांच्याच हुकमानं तिथे धाडलेले सशस्त्र सैनिक होते की नाही?

३ जानेवारी १८४८ ला प्रतिनिधिगृहानं ८५ विरुद्ध ८१ मतांनी हे युद्ध अनावश्यक आणि घटनाबाह्य रीतीनं सुरू झाल्याचं ठरवलं. पोक यांनी लिंकनना उत्तर दिलं नाही. विरोधकांनी त्यांचं नाव ‘स्पॉटी’ पाडलं, म्हणजे ‘जागा-जागा’ करणारा. २ फेब्रुवारीला मेक्सिकोशी तह झाला, रिओ ग्रांदे ही सरहद्द ठरली, आणि ती जागा अमेरिकेची झाली.